मंगळावरचा दिवा

रात्रीच्या प्रवासात दूर माळावर एखादा दिवा मिणमिणताना दिसला की, तिथे वस्ती आहे असे आपण धरूनच चालतो. दिवा कुणी लावला असेल, घरात कोण जागे असेल, इथवर मन जाऊन पोहोचते. सन २०१४ च्या एप्रिल महिन्यात मंगळावरून आलेली दोन छायाचित्रे पाहून पुष्कळांचे असेच झाले.

ही छायाचित्रे ‘क्युरिऑसिटी’ नावाच्या सहाचाकी यंत्रगाडीने पाठवली होती. अमेरिकेच्या ‘नासा’ची ही गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल नावाच्या विवरात उतरली. २ एप्रिलच्या चित्रात क्षितिजाजवळ एक पांढराशुभ्र ठिपका; दुसऱ्या दिवशीच्या चित्रातही तसाच, जमिनीतून वर निघालेल्या झोतासारखा. झाले! भुईखाली कुणी राहते आणि त्यांच्या घरचा हा उजेड, असे सांगणारे निघालेच.

मंगळाला हे नवे नाही. १८७७ साली इटलीच्या स्क्यापारेल्लीने दुर्बिणीतून तिथे रेषा पाहिल्या आणि त्यांना ‘कानाली’, म्हणजे चर किंवा ओहोळ, म्हटले. इंग्रजीत त्यांचे कालवे झाले, आणि कालवे म्हटले की खोदणारे आलेच! १९६५ च्या जुलैत मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले, तेव्हा चित्रांत विवरे दिसली, कालवे नाहीत. पण दुर्बिणीला लावलेला माणसाचा डोळा फसला हे एक वेळ समजू शकते. छायाचित्र कसे फसेल?

इथे एक साधी गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटली. क्युरिऑसिटीच्या मानेवर वाट पाहण्याचे कॅमेरे जोडीने बसवलेले आहेत, आपल्या दोन डोळ्यांसारखे. दिवा दिसला तो उजव्या डोळ्याला. डाव्याने सेकंदाच्या आत तेच दृश्य टिपले, त्यात दिव्याचा मागमूसही नाही.

नासाचे जस्टिन माकी ह्या कॅमेऱ्यांचे काम पाहत. असे ठिपके जवळजवळ दर आठवड्याला दिसतात, असे त्यांनी सांगितले. संशयित तीन होते. सूर्य वायव्येकडे कललेला होता आणि ठिपकाही त्याच दिशेला. तेव्हा सुमारे १६० मीटरवरच्या कड्यावर एखादा गुळगुळीत दगड चकाकला असेल. दुसरा संशयित आपल्या घरातलाच म्हणावा असा, कवडसा! कॅमेऱ्याच्या पेटीला हवा जाण्यासाठी बारीक भोक असते. सूर्य नेमका त्याच्या रेषेत आला की किरण थेट आत शिरतो, कौलाच्या फटीतून माजघरात उतरावा तसा. माकींचा कल ह्या दोहोंकडे होता. दोहोंपैकी नेमके कोणते, हे त्यांनी ठासून सांगितले नाही. मला तर त्यांच्या सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट अधिक आवडली.

तिसरे विश्वकिरण, आणि अशा ठिपक्यांपैकी अनेकांचा उगम तेच असतात. अवकाशातून विद्युद्भारित कण अतिशय वेगाने धावत असतात. आपल्या डोक्यावर हवेचे जाड पांघरूण आहे. मंगळावर हवेचा दाब आपल्याकडच्या एक शतांशाहूनही कमी, आणि सबंध ग्रहाला वेढणारे चुंबकीय क्षेत्रही नाही. असा कण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीवर आदळला की तिथे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. यंत्र समजते, उजेड पडला. कण सरळ घुसला तर ठिपका, तिरपा गेला तर रेघ.

छायाचित्रावरचे हेच डाग आपल्या देशात एके काळी जपून जमवले जात. १९३८ नंतरच्या वर्षांत कलकत्त्याचे देवेंद्रमोहन बोस आणि त्यांच्या विद्यार्थिनी बिभा चौधुरी ह्यांनी छायाचित्रणाच्या काचा हिमालयात, दार्जिलिंग आणि सांदकफूच्या उंचीवर, दीर्घकाळ मांडून ठेवल्या. समोर ना माणूस, ना देखावा. फोटो काढायचा तो विश्वकिरणांचाच! काचांवर उमटलेल्या बारीक रेघा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी इलेक्ट्रॉनहून जड पण प्रोटॉनहून हलक्या अशा कणांचे वजन काढण्याचा प्रयत्न केला आणि ते काम ‘नेचर’मध्ये छापले. महायुद्धामुळे चांगल्या काचा मिळेनात, आणि काम तिथेच अडले. १९४७ मध्ये इंग्लंडात सेसिल पॉवेल ह्यांनी सरस काचांवर ‘पायॉन’ शोधला. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बिभाबाई १९४९ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. काचांची वाण पडली नसती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

सगळेच ठिपके कॅमेऱ्याच्या पोटातले नसतात. मंगळावरच्याच ‘ऑपॉर्च्युनिटी’ ह्या दुसऱ्या गाडीने २६ डिसेंबर २०१३ ला एका जागेचे चित्र घेतले, तिथे काही नव्हते. ८ जानेवारी २०१४ च्या चित्रात त्याच जागी दगड! मोठ्या शंकरपाळ्याएवढा, चारेक सेंटिमीटरचा. कडा पांढरी, मधोमध लाल. बारा मंगळदिवसांत तो आला कुठून? कुणी म्हणाले उल्का पडली असेल, कुणी म्हणाले तो उगवलाच. मग गाडी थोडी पुढे सरकली आणि वरच्या उतारावर तसाच पांढरा-लाल दगड फुटून उलटलेला दिसला. त्याच्यावरून गाडीच्याच चाकाची चाकोरी गेली होती.