सांगोड : गोमंतकातील नौकांचा सण

वऱ्हाडास समुद्र नाही. आम्हा तिवसेकरांचा पाण्याकाठचा सण म्हणजे कार्तिकातील कौंडण्यपूरची यात्रा व वर्धेचे स्नान. तथापि डोंगा व जाळे ही ज्या भोई समाजाची वडिलोपार्जित उपजीविका, त्याने गोमंतकातील समव्यवसायी बांधवांच्या नौकोत्सवाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

या उत्सवातील नौकेस ‘सांगोड’ म्हणतात. ती गावकरीच सिद्ध करतात. पूर्वी केळीचे खांब बांधून तराफा करीत. दोन होड्या शेजारी जोडून त्यांवर फळ्या टाकण्याचीही रीत आहे. एकटी होडी भाराने कलते. जोडीचा पाया रुंद होतो व वर वाद्ये, गाणारी मंडळी, झावळ्यांची कमान असा सारा सरंजाम राहू शकतो. ही अक्कल शाळेत शिकवीत नाहीत, म्हणून ती इतिहासाच्या पुस्तकांतही येत नाही. तीस-पस्तीस वर्षे इतिहास शिकविलेल्या मजसारख्यास याचा खेद वाटतो.

२४ जून रोजी ‘सांजांव’ सणास बार्देशातील शिवोली येथे शापोरा नदीतून आसपासच्या गावांच्या सजविलेल्या नौका येतात. उत्तम सजावटीस बक्षिसे असल्याने गावागावांत चुरस लागते. २९ जूनचा संत पीटरचा सण तर खास मच्छीमारांचा, कारण हा संत स्वतः गॅलिलीच्या सरोवरातील कोळी. तिथ्या ख्रिस्ती पंचांगातील खऱ्या. परंतु त्या वेळी दर्या खवळलेला, मासेमारी बंद व होड्या रिकाम्या असतात, हेही ध्यानात घ्यावे.

विशेष हे की, कुंभारजुवे बेटावर गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी हिंदू बांधवही असाच सांगोड काढतात. जोडलेल्या होड्यांवर पौराणिक देखावे उभारले जातात. १५१० ते १९६१ एवढी पोर्तुगीज राजवट गेली, कित्येक घराण्यांचा धर्म पालटला. होड्या जोडण्याची रीत व तिचे नाव दोहोंकडे एकच राहिले.

आमच्याकडे पूल झाले व उतारू नेणारे डोंगे घाटावरून गेले. वर सिंभोऱ्यास अप्पर वर्धा धरण झाले. डोंग्याचा सण आम्ही कधी केला नाही, त्यामुळे त्याची आठवण ठेवणारा दिवसही उरला नाही. ज्या वृद्ध समाजबांधवांनी स्वहस्ते डोंगा केला असेल, त्यांजकडून लाकूड कोणते घेत, सांधे कशाने बुजवीत, हे तरुणांनी लिहून घ्यावे व पुढील स्मरणिकेसाठी पाठवावे, ही विनंती.