छऱ्याची बंदूक आणि तिचे रुसवे

आपल्या या पानावर इंदूरचे वाडे, गणेशोत्सवातली नाटकं, रामबागेतल्या आठवणी आणि सराफ्यातलं खाणं यांवर खूप जणांनी छान लिहिलंय. मी आपला गिरणीतला फिटर. गिरणी बंद पडल्यावर संध्याकाळी एका रायफल क्लबात बंदुका दुरुस्त करायला जाऊ लागलो आणि तीसेक वर्षं तिथेच रमलो. तेव्हा माझा इतिहास हवाबंदुकीचा. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

छऱ्याची बंदूक म्हणजे जत्रेतले फुगे फोडायचं खेळणं, असं आपल्या घरांतून अजूनही समजतात. पण ही एकेकाळी लष्करात होती. टायरॉलमधल्या बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराने केलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास घेतली. दस्त्याच्या जागी लोखंडी हवाटाकी, बाजूला वीसेक गोळ्यांची नळी. ना धूर, ना ठिणगी, आणि पावसात दारू भिजायची भीती नाही. इतर शिपाई एक बार भरून उडवायचा, तेवढ्या वेळात ही अनेकदा चालायची. कागदावर याहून चांगलं हत्यार नव्हतंच.

अडचण काय, तर टाकी भरायला हातपंपाचे सुमारे १५०० दट्टे मारावे लागत. चामड्याचे वॉशर सुकले की हवा निसटणार. झडप बिघडली तर नेहमीच्या लोहाराचं काम नाही, त्यातला जाणता कारागीरच हवा. १८१५ च्या सुमारास सैन्याने ती बाजूला ठेवली. महाग आणि नाजूक यंत्र सामान्य माणसाच्या हाती दिलं की काय होतं, ते गिरणीत आम्ही रोज बघायचो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

याच काळातली दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १८०३ साली मेरिवेदर लुईस पश्चिमेकडच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याजवळ हवाबंदूक होती. ती जिरार्दोनीच्याच पद्धतीची होती असं बरेच अभ्यासक मानतात. लुईसने रोजनिशीत तिच्या कुरबुरी लिहून ठेवल्यात. जून १८०५ मध्ये जॉन शील्ड्स या त्याच्या सोबत्याने तिची मुख्य स्प्रिंग नवी बसवली, आणि लुईसने त्याच्या हुन्नराचं मनापासून कौतुक केलं. पुढे ऑगस्टमध्ये तिची साइट कशाने तरी हलली. लुईसने ती स्वतः जुळवली, पुन्हा नेम लावून पाहिला, आणि बंदूक पूर्वीसारखी चालू लागली. मला यातलं आवडतं ते हे, की माणसाने आधी बंदूक तपासली.

आता आपल्या काळात येऊ. १० मीटर एअर रायफल १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आली. तेव्हा दर्जेदार रायफली म्हणजे जर्मन, आणि आतून बहुतेक स्प्रिंग-पिस्टनच्या. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे सरकते. पिस्टन टोकाला आपटतो तेव्हा बंदूक पुढे उसळते, आणि हे सगळं होताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे आज खांद्याला जरा घट्ट धरली, उद्या जरा सैल, की नेम बदलला. फाइनवेर्कबाउ कंपनीने यावर नामी तोड काढली. चाप ओढताच वरची सगळी यंत्रणा रुळांवरून मागे घसरू द्यायची, धक्का खांद्यापर्यंत पोचतच नाही. त्यांचं ३०० मॉडेल मी खोलून बघितलंय, घड्याळजीचं काम आहे! दुसऱ्या एका कंपनीने विरुद्ध दिशांना धावणारे दोन पिस्टन बसवून धक्क्याने धक्का मारला. कल्पना अप्रतिम, पण पिस्टनच्या तोंडाशी जे प्लास्टिकचं सील होतं ते वर्षांनी आपोआप कुजायचं. बंदूक पेटीत पडून असली तरी. उघडलं की आत पिवळट चुरा.

आपल्याकडे त्यात हवामानाची भर. मे महिन्यात चामड्याचे वॉशर कडक होणार, श्रावणात लाकडी दस्ता दमट हवेने फुगणार आणि नळीचा बसका हलणार. खेळाडू म्हणतो नेम गेला, खरं तर स्क्रू सैल झालेला असतो. त्यात आपल्या लोकांचा एक रामबाण उपाय : शिलाई मशीनचं तेल. बंदूक कुरकुरली की नळीमागच्या छिद्रातून दोन थेंब सोडायचे. आत हवा दाबली जाते तेव्हा इतकी तापते की ते तेल पेटतं, डिझेल इंजिनासारखं. ठाप्पकन आवाज, धुराचा लोट, आणि पोरं खूश की काय जोर आला! सील आणि स्प्रिंगचे मात्र बारा वाजतात. असल्या किती बंदुका माझ्या टेबलावर आल्या, मोजल्या नाहीत.

मग नव्वदच्या दशकात सिलिंडरच्या रायफली आल्या. २०० बार दाबाची हवा आधीच भरलेली, मधे रेग्युलेटर, तो तेवढाच ठरलेला दाब पुढे सोडतो. पिस्टन नाही, धक्का जवळजवळ नाही. आम्हाला वाटलं, संपली कटकट. पण खेळही तेवढाच बारीक झाला. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. आता गुणही दशांशात मोजतात, १०.९ पर्यंत. पाव मिलिमीटर इकडेतिकडे म्हणजे ०.१ गेला.

याची किंमत मोठमोठ्यांनीही मोजलीय. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने अंतिम फेरीआधी सरावाची गोळी मारली, ती चारवर गेली. चार! साइट हलली होती, कशाने ते कळलं नाही. हाताशी होत्या त्या मिनिटांत त्याने ती पुन्हा जुळवली, शेवटची गोळी १०.८ मारली आणि ७००.५ गुणांवर सुवर्ण घेतलं. टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाची लिव्हर ऐन पात्रता फेरीत मोडली, दुरुस्तीत वेळ गेला, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेव्हा टीव्हीसमोर बसून लोक म्हणाले, पोरगी दडपणाखाली आली. पॅरिसला तिने दोन कांस्यं आणली तेव्हा तेच लोक पेढे वाटत होते.

हे सगळं आज लिहायचं कारण माझ्या पुतणीची मुलगी. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिच्या आईबाबांनी सोनं गहाण ठेवून एक नामांकित परदेशी रायफल घेतली, सेकंडहँड, तरी दीड लाखाच्या वर. सरावात उत्तम, पण स्पर्धेत मधूनच एखादी गोळी ९.८, ९.९. राज्याच्या निवड चाचणीत ०.९ ने राहिली. प्रशिक्षकांचं निदान ठरलेलं : "बेटा, ब्रेक के बाद तुम्हारा मन कहीं और रहता है।" घरी ध्यानाचे वर्ग सुरू झाले. मोबाइल काढून घेतला. पोर मुकाट झाली. एक दिवस मला म्हणाली, "आजोबा, मी खरंच लक्ष देते हो."

तिची वही मागवली. प्रत्येक गोळीची नोंद ठेवायची सवय तिला होती. दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो. वाईट गोळ्या विश्रांतीनंतरच्याच होत्या, इथवर प्रशिक्षक बरोबर. पण त्या सगळ्या वर गेलेल्या. डावीउजवीकडे एकही नाही. मन भरकटलं तर ते नेमकं एकाच दिशेला भरकटेल का?

महूच्या लष्करी नेमबाजी केंद्राचं नाव आपण ऐकून असतो. तिथून जवळच राहणारे एक निवृत्त हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे, माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे. म्हणाले, "आणा पोरीला, चहा टाकतो." अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पाच गोळ्या मारल्या. सेकंदाला १७१ मीटर, १७१, १७२, १७१, १७१. मग आम्ही दहा मिनिटं गप्पा मारल्या. सहावी गोळी १७७. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा १७७.

रेग्युलेटरची बैठक नीट बंद होत नव्हती. बंदूक चालत असताना फरक पडत नाही, पण थोडा वेळ थांबलं की जास्तीची हवा हळूहळू पुढच्या कप्प्यात झिरपते आणि पुढची गोळी जोरात जाते. वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला : १० मीटरला एवढा फरक छर्रा १ मिलिमीटरहून जरा जास्त वर नेतो. म्हणजे ०.४ गुण. साठ गोळ्यांत ती चार-पाचदा थांबते. ०.९ कुठे गेले ते समोरच होतं.

रेग्युलेटर खोलला तर बैठकीवर गंजाचा टिपका. सिलिंडर पावसाळ्यात क्लबातल्या पंपाने भरले जात. त्याला ओल शोषणारा फिल्टर नव्हता. विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला जुन्या मालाची जबाबदारी आमची नाही. क्लबाने म्हटलं, इतरांची तक्रार नाही. इतर कोणी वेग मोजलाच नव्हता, हेही खरं. बैठक आणि ओ-रिंग बदलून काम झालं, सुट्या भागांचा खर्च म्हणाल तर एका ध्यानवर्गाच्या फीपेक्षा कमी. चाचणीचा निकाल अर्थात तोच राहिला. प्रशिक्षकांना आकडे दाखवले तेव्हा ते बराच वेळ कागद बघत बसले, मग तिला म्हणाले, "कल से फिर शुरू करते हैं।" बिचारे माणूस वाईट नाहीत.

जाता जाता, ज्यांच्या घरात मुलं नेमबाजी करतात त्यांच्यासाठी. सेकंडहँड रायफल घेताना सिलिंडरवरची तारीख बघा. बऱ्याच कंपन्या १० वर्षांची मुदत देतात आणि मुदत उलटलेला सिलिंडर वापरायचा नाही ही जबाबदारी स्पर्धेत खेळाडूवर असते. स्वस्त बंदूक तिथेच महाग पडते. आणि ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, कुठेही कोणाच्या माळ्यावर ती दोन पिस्टनवाली जुनी जर्मन रायफल पडली असेल, तर मला जरूर कळवा. सील मिळवायची वाट मला ठाऊक आहे. तोवर त्यात तेल घालू नका.