मुक्तीचा लष्करी हुकूम : १८६३ च्या अमेरिकन जाहीरनाम्याविषयी काही विचार

अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याने १ जानेवारी १८६३ रोजी काढलेला मुक्तीचा जाहीरनामा मुळातून वाचणाऱ्याचा प्रथम अपेक्षाभंगच होतो. मानवी स्वातंत्र्याच्या थोर सनदांत ज्याची गणना होते, त्या लेखात गुलामगिरीच्या अमानुषतेविषयी एक अक्षरही नाही. आहे ती राज्यांची आणि परगण्यांची यादी. लुइझियानातील न्यू ऑर्लिन्ससह तेरा परगणे वगळलेले. व्हर्जिनियाच्या पश्चिम भागातील अठ्ठेचाळीस आणि त्याखेरीज आणखी सात परगणे वगळलेले. टेनेसी राज्याचे तर नावच नाही. केंटकी, मिसूरी, मेरीलँड व डेलावेअर ही गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली राज्ये अर्थातच त्यात आली नाहीत. रिचर्ड हॉफस्टॅटर या इतिहासकाराने १९४८ मध्ये या लेखाची तुलना व्यापारी मालाच्या पावतीशी केली, ती याच कारणास्तव. जेथे सरकारची सत्ता चालत होती तेथील गुलाम तसेच राहिले आणि जेथे ती चालत नव्हती तेथील गुलाम कागदावर मुक्त झाले, हा आक्षेप त्या काळी इंग्लंडातही घेतला गेला होता.

आक्षेपात तथ्य आहे; परंतु तो घेणारे एक प्रश्न विचारावयाचे विसरतात. गुलाम मुक्त करण्याचा अधिकार अध्यक्षास मिळाला कोठून? गुलामगिरी ही राज्यांच्या कायद्यांनी निर्माण केलेली संस्था होती व शांततेच्या काळात तिला हात लावण्याचा अधिकार संघसरकारास नाही, असे खुद्द लिंकनने ४ मार्च १८६१ च्या आपल्या अधिकारग्रहणाच्या भाषणात सांगितले होते. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात गुलामाच्या मालकाचा पक्ष उचलून धरणारा रॉजर टेनी अद्याप सरन्यायाधीशपदी होता. उरली ती एकच वाट : सरसेनापती या नात्याने शत्रूचे युद्धसाधन हिरावून घेण्याची. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने हा युक्तिवाद पूर्वीच काँग्रेसमध्ये मांडून ठेवला होता. परंतु हा अधिकार जेथे शत्रू आहे तेथेच चालणार. म्हणून ज्या वगळलेल्या परगण्यांकडे टीकाकार बोट दाखवितात, त्यांच्याच आधारावर जाहीरनामा कायद्याच्या कसोटीला उतरण्याची शक्यता होती. भाषेचा रुक्षपणाही तेथूनच आला.

मात्र गुलाम हे शत्रूचे युद्धसाधन आहे, ही गोष्ट वॉशिंग्टनमधील मुत्सद्द्यांना प्रथम सुचली नाही. ती गुलामांनीच त्यांच्या दाराशी आणून उभी केली. युद्धास सहा आठवडेही झाले नव्हते, तोच २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मन्रो किल्ल्यात संघसेनेच्या आश्रयास आले. दक्षिणेच्या सैन्याची तटबंदी उभारण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकातर्फे एक अधिकारी निशाण घेऊन आला आणि पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्यान्वये त्यांना परत करावे अशी मागणी करू लागला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा पेशाने वकील. त्याने उत्तर दिले की, व्हर्जिनिया आपणांस परराष्ट्र म्हणवीत असल्याने संघराज्याचा कायदा तिच्या उपयोगी पडावयाचा नाही. आणि शत्रूच्या युद्धकार्यात वापरला जाणारा माल म्हणून या तिघांस मी ठेवून घेतो. माणसास माल ठरविणाऱ्या कायद्याचा हा उलटा उपयोग होता. वार्ता पसरावयास वेळ लागला नाही. जुलैअखेर त्या किल्ल्यात सुमारे नऊशे स्त्रीपुरुष व मुले जमली होती. ६ ऑगस्ट १८६१ रोजी काँग्रेसने जप्तीचा पहिला कायदा केला, त्यात बटलरचाच न्याय ग्रथित झाला.

यापुढील प्रवास सरळ नव्हता. फ्रेमाँटने मिसूरीत व हंटरने दक्षिण किनाऱ्यावर स्वतःच्या अखत्यारात काढलेले मुक्तीचे हुकूम लिंकनने रद्द केले. केंटकी हातची जाईल ही धास्ती त्यामागे होती. २२ जुलै १८६२ रोजी त्याने मंत्रिमंडळापुढे मसुदा ठेवला, तेव्हा सेवर्डने विजयाची वाट पाहण्याचा सल्ला दिला. अँटीटमच्या लढाईनंतर, २२ सप्टेंबरला, बंडखोरांना शंभर दिवसांची मुदत देणारी पूर्वघोषणा निघाली. अंतिम जाहीरनाम्यात वगळलेल्या सात परगण्यांत एलिझाबेथ सिटी हा परगणा आहे. मन्रो किल्ला याच परगण्यात उभा होता.

तरीही जाहीरनामा निव्वळ कागदी होता असे म्हणणे बरोबर नाही. संघसेनेच्या ताब्यातील दक्षिण कॅरोलिनाची किनारी बेटे वगळलेली नव्हती. तेथील हजारो माणसे त्याच दिवशी कायद्याने मुक्त झाली. शिवाय पुढे सरकणाऱ्या प्रत्येक पलटणीबरोबर या हुकुमाची हद्द वाढत गेली. त्यातील सैन्यभरतीचे कलम तर सर्वांत परिणामकारक ठरले : युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक संघसेनेत दाखल झाले, आणि त्यांतील बहुसंख्य पूर्वीचे गुलाम होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांस अर्पण केला. अर्पण लोकांस आहे, अध्यक्षास नाही, ही बाब येथे जाता जाता नोंदविण्यासारखी वाटते.

युद्धाच्या जोरावर दिलेले स्वातंत्र्य युद्ध संपल्यावर टिकेल काय, ही खरी चिंता होती. फ्रान्सच्या क्रांतिकारी परिषदेने ब्रिटन व स्पेनशी युद्ध चालू असता ४ फेब्रुवारी १७९४ रोजी आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा प्रस्थापित केली. शिवाय अमेरिकन जाहीरनाम्याने माणसे मुक्त केली, तरी गुलामगिरीचे कायदे राज्यांच्या दप्तरी तसेच होते. लिंकनने म्हणूनच घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहाने ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत केली आणि ६ डिसेंबर १८६५ रोजी पुरेशा राज्यांची मान्यता मिळून तेरावी घटनादुरुस्ती पूर्ण झाली; तोवर लिंकनच्या हत्येस जवळजवळ आठ महिने लोटले होते. मेरीलँड व मिसूरी यांनी त्याआधीच आपापल्या हद्दीत गुलामगिरी बंद केली होती. केंटकी व डेलावेअर येथील गुलामांना मात्र या दिवसापर्यंत थांबावे लागले. त्या दोन्ही राज्यांनी ही दुरुस्ती प्रथम फेटाळली होती. डेलावेअरने १९०१ मध्ये व केंटकीने १९७६ मध्ये तिला औपचारिक मान्यता दिली.