मावळ्याचा पोशाख : कापडाला कात्री लावण्याआधी

वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि पाठोपाठची चित्ररथ मिरवणूक जवळ आली की बेळगावात घरोघरी मावळे आणि जिजाऊ तयार होऊ लागतात. हल्लीची मुले ज्याला कॉस्प्ले म्हणतात, ते आपण चित्ररथांवरच्या जिवंत देखाव्यांत कितीतरी वर्षे करत आलो आहोत. भाड्याचे साटीनचे पोशाख बाजारात मिळतात, पण मापाला क्वचितच बसतात. घरी शिवणाऱ्यांसाठी ही माहिती आम्ही एकत्र केली आहे. उदाहरणासाठी दहा वर्षांच्या मुलाचा मावळ्याचा पोशाख घेतला आहे.

आधी पात्र आणि काळ ठरवावा. शिवकाळ म्हणजे सतरावे शतक. पुणेरी पगडी एकोणिसाव्या शतकातली. ती मावळ्याच्या डोक्यावर शोभत नाही. शिंदेशाही आणि होळकरशाही पगड्याही नंतरच्या काळातल्या. महाराजांच्या पोशाखासाठी त्या काळाच्या जवळची चित्रे पाहावीत. वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेले चित्र बहुतेकांना माहीत आहे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम इथेही महाराजांची जुनी दख्खनी चित्रे आहेत. पायघोळ जामा, कमरेला पटका, पायात चुस्त सुरवार हे त्यांत दिसते. मावळा मात्र डोंगरदऱ्यांतला साधा माणूस. त्याला जर, मोती, चमकी नको. जाडसर सुती बाराबंदी, गुडघ्यापाशी आवळलेली सुरवार, कमरेला शेला आणि डोक्याला मुंडासे एवढे पुरते. ते स्वस्तही पडते.

मग प्रसंगाचा विचार करावा. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत मूल पाच मिनिटे उभे राहते. आपली मिरवणूक संध्याकाळी सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते, आणि जिवंत देखाव्यात एकाच पवित्र्यात बराच वेळ उभे राहावे लागते. दिवस उन्हाळ्याचे, वळीव कधी येईल सांगता येत नाही. म्हणून सुती कापडच घ्यावे. गडद लाल किंवा भगवे कापड आणल्याबरोबर पाण्यात बुडवून वाळवावे. आटायचे ते आधीच आटते आणि रंग जातो की नाही तेही कळते. नाहीतर पहिल्या सरीला शेल्याचा रंग पांढऱ्या बाराबंदीवर उतरतो. आणखी एक गोष्ट कुणी आधी बोलत नाही : मुलाला लघवीला जाताना एकट्याने सुरवार सोडता आली पाहिजे. नाडीऐवजी इलॅस्टिक घालावे. शेल्याखाली कुणाला दिसणार आहे?

आता कागद-पेन्सिल. मुलाचे समोरून आणि मागून साधे रेखाटन करून प्रत्येक कपड्याशेजारी कापड, रंग आणि तो बांधायचा कसा हे लिहावे. चित्र चांगले यायची गरज नाही. बाराबंदीला नावाप्रमाणे बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. आठ इंचांचा एक बंद धरला तर शहाण्णव इंच पट्टी लागते, आणि नेमकी तीच हिशेबात धरायची राहून जाते. छातीचे माप सव्वीस इंच असेल तर पाच इंच ढिलाई द्यावी. वर समोरचा एक भाग दुसऱ्यावर यायचा असतो, त्याचे कापड वेगळे धरावे. काखेत चौकोनी तुकडा घातला नाही तर तलवार उगारताना पूर्ण बाराबंदी वर ओढली जाते. छत्तीस इंच पन्ह्याचे दोन मीटर कापड या मापाच्या बाराबंदीला साधारण पुरते. तरी खरेदीआधी वर्तमानपत्राचे तुकडे कापून ते जमिनीवर पन्ह्याएवढ्या जागेत मांडून पाहावेत.

कागद जुळला की जुन्या चादरीचा किंवा मांजरपाटाचा कच्चा नमुना धावदोऱ्याने शिवावा आणि मुलाला घालून हात वर करायला, मांडी घालून बसायला, ट्रॉलीच्या उंचीवर चढायला सांगावे. जिथे ताणते तिथे पेनाने खूण करावी. नंतर नमुना उसवून तेच तुकडे कापडावर ठेवून बेतावे. एक संध्याकाळ जाते, पण चांगले कापड वाचते.

मुंडासे दर वेळी बांधत बसू नये. मुलाच्या मापाच्या सुती टोपीवर मलमलचे पीळ गुंडाळून टाके घालावेत. तलवार पुठ्ठ्याचीच असावी.

जिजाऊंच्या पोशाखाबद्दल आम्हाला जरा आग्रहाने सांगायचे आहे. घरातले आजीचे इरकल कापून मुलीसाठी शिवलेली नऊवारी करण्याची पद्धत वाढते आहे. इरकलाच्या पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला मागावर फासे अडकवून जोडलेला असतो. एकदा कात्री लागली की तो जोड पुन्हा साधता येत नाही, आणि मुलगी दोन वर्षांत त्या शिवलेल्या साडीतून वाढून जाते. मुलीसाठी साधी सुती काठाची साडी घ्यावी आणि तिचीच नऊवारी शिवावी. वर खणाची चोळी असली की लांबून रुबाब तोच दिसतो. आजीची साडी वापरायचीच असेल तर ती न कापता, कमरेला पट्टा बांधून निऱ्या पिनांनी बसवाव्यात. पिना जुन्या रेशमात न टोचता पट्ट्यात टोचाव्यात. लहान मुलीला नऊ वार फार होतात, तेव्हा जास्तीचे कापड कमरेशी दुमडून पट्ट्याखाली दाबावे.

शिवण मिरवणुकीच्या निदान आठ दिवस आधी संपवावी आणि पूर्ण पोशाख घालून मुलाला घरात तासभर खेळू द्यावे. कुठे टोचते, कुठला बंद सुटतो ते त्या तासात समजते.