काटकर बंधू (कैलास व संजय)

‘क्विक हील’ या विषाणूरोधक (अँटिव्हायरस) प्रणालीचे निर्माते, पुण्याचे उद्योजक. मूळचे सातारा जिल्ह्यातले. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या कामाला लागले. पगार महिना ४०० रुपये. पुढे ते संगणकदुरुस्तीकडे वळले आणि १९९३ मध्ये त्यांनी ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू केली. धाकट्या संजय यांना मात्र त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. संजय पुणे विद्यापीठाचे संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधर आहेत.

या कंपनीचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला, ही गोष्ट तिच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची. त्या काळी विषाणू फ्लॉपीतून पसरत. फ्लॉपी आत विसरून संगणक चालू केला, की तिच्या पहिल्या कप्प्यातला (बूट सेक्टर) विषाणू आधी स्मृतीत शिरे, मग हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या कप्प्यात ठाण मांडून बसे आणि नंतर घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला लागे. १९९१ मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ ६ मार्चला जागा होऊन डिस्कच्या आरंभीची माहितीच पुसून टाकी. दुकानात येणाऱ्या अनेक संगणकांचे सुटे भाग धडधाकट असत. बिघाड असे तो विषाणूचा. डिस्क सरसकट कोरी केली तर विषाणू जाई, पण गिऱ्हाईकाचे हिशेबही जात. म्हणून संजय यांनी एकेका विषाणूचा माग काढून त्याच्यावर छोटे प्रोग्रॅम लिहिले. तेच एकत्र करून १९९५ मध्ये डॉसवर चालणारे ‘क्विक हील’ बाजारात आले. किंमत ७०० रुपये.

विक्रीचा मार्गही दुरुस्तीच्या धंद्यातूनच सापडला. संगणक जोडून देणारा, गिऱ्हाईकाच्या ओळखीचा गल्लीतला दुकानदार हाच क्विक हीलचा विक्रेता झाला. परदेशी प्रणाल्यांपुढे ती टिकली, त्याचे मोठे श्रेय या दुकानदारांना द्यायला हवे.

२००७ मध्ये कंपनीचे नाव ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने तीत ६० कोटी रुपये गुंतवले. तोवर सुमारे दीड दशक हा धंदा अशा बाहेरच्या साहसवित्ताविना (व्हेंचर कॅपिटल) वाढला होता. नवउद्योगांच्या आजच्या चर्चेत ही बाजू फार कमी येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये दराने समभाग विकून कंपनी शेअर बाजारात उतरली. पहिल्याच दिवशी भाव या दराखाली गेला.

दरम्यान २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून मायक्रोसॉफ्टने विषाणूरोधक प्रणाली विंडोजमध्येच मोफत द्यायला सुरुवात केली होती. घरगुती ग्राहक हाच क्विक हीलचा मुख्य आधार असल्याने हा बदल तिच्या मुळावर येणारा होता. कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांच्यासाठी तिने ‘सेक्राइट’ या नावाने स्वतंत्र सुरक्षाप्रणाली आणल्या आहेत.