'बुखारा' म्हणवणारे गालिचे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबिलच्या गालिच्यावर मक्सूद काशानीचे नाव, हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हे साल आणि हाफिझच्या काव्यपंक्ती विणलेल्या आहेत. इस्लामी कलेच्या इतिहासकाराला असा गालिचा सोयीचा. तो वाचता येतो. मध्य आशियातील जुन्या तुर्कमेन गालिच्यावर मात्र बहुधा एक अक्षरही नसते. मग तो ओळखायचा कसा?

बाजाराने विक्रीच्या शहराचे नाव दिले : 'बुखारा'. प्रत्यक्षात ते विणले मर्व, अखल अशा प्रदेशांतील टेक्के, योमुत, सालोर, सारिक या टोळ्यांच्या स्त्रियांनी. माग जमिनीवर आडवा मांडलेला. मुक्काम हलला की अर्धवट विणीसकट गुंडाळून न्यायचा. 'गालिचा' म्हणणेही पुष्कळदा चूकच. यांपैकी कित्येक वस्तू सामानाच्या पिशव्या आहेत, 'एन्सी' हा तंबूच्या दाराचा पडदा आहे, तर पंचकोनी 'अस्मालिक' नवरीच्या वरातीतल्या उंटाच्या कुशीवर शोभायचा.

गर्द लाल भूमीवर ओळीने येणाऱ्या आकृतीला 'ग्योल' म्हणतात. (मराठीतला 'गोल' नव्हे, ती बहुधा अष्टकोनी असते.) सोव्हिएत अभ्यासक मोश्कोवा यांच्या मते ग्योल म्हणजे टोळीचे चिन्ह, आणि जित टोळीला जेत्यांचे ग्योल विणावे लागे. साहित्याच्या वाचकाला हा सिद्धान्त भुरळ घालतो. आम्हांलाही घातली होती. परंतु सालोरांचे म्हणून ओळखले जाणारे ग्योल इतरांच्या विणीतही सापडते. म्हणून जाणकार आता गालिचा उलटा करून पाहतात. सारिकांची गाठ बहुतेक सममित, टेक्केंची असममित. चिन्ह उचलता येते, बोटांची सवय सहजी बदलत नाही. आम्हांला ही पाठच अधिक विश्वसनीय वाटते. तीही टोळीपाशीच थांबते, विणणारीपर्यंत पोहोचत नाही.

जानेवारी १८८१मध्ये रशियन सैन्याने टेक्केंचा ग्योक-तेपे किल्ला घेतला. मागोमाग रेल्वे, व्यापाऱ्यांची मागणी आणि कृत्रिम रंग आले. जुन्या विणीचा मोठा संग्रह करून १९०८-०९मध्ये त्यावर ग्रंथ काढणारे जनरल बोगोल्युबोव हे त्याच जिंकलेल्या प्रांताचे राज्यपाल होते. ज्या राजवटीत हे जीवन मोडले, तिच्याच अधिकाऱ्याने त्याचे नमुने जपले. 'दुर्मीळ' या शब्दामागे एवढे दडलेले असते.

१९९२पासून तुर्कमेनिस्तानच्या ध्वजावर पाच ग्योल आहेत. अस्मालिक मात्र जोडीने विणले जात, उंटाच्या दोन कुशींसाठी दोन. संग्रहालयांत बहुधा एकच टांगलेला आढळतो.