निरपराध्याला माफी

क्षमा हा शब्द आम्हा धर्मगुरूंच्या ओठी नित्याचा. परंतु ज्याने अपराधच केला नाही त्याला माफी देऊ करणे, ही दया की अन्याय? फ्रान्सच्या इतिहासात हा प्रश्न कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस यांच्यापुढे उभा राहिला.

जर्मनीला लष्करी गुपिते पुरविल्याच्या आरोपावरून डिसेंबर १८९४ मध्ये लष्करी न्यायालयाने या यहुदी अधिकाऱ्याला आजन्म हद्दपारीची शिक्षा दिली. हस्ताक्षराच्या वादग्रस्त साम्यापलीकडे पुरावा नव्हता. तेव्हा बचावपक्षाला न दाखविता एक गुप्त फाइल न्यायाधीशांच्या हाती देण्यात आली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या सैतानाच्या बेटावर १८९६ मध्ये काही आठवडे रात्री त्यांच्या पायांत बेड्या असत. तरीही राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी दया मागितली नाही; खऱ्या गुन्हेगाराचा शोध घ्या, एवढेच मागितले.

पत्नी लुसी यांनी १८९८ मध्ये फेरविचाराचा अर्ज केला. ३ जून १८९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल रद्द केला. पण रेन येथील लष्करी न्यायालयाने सप्टेंबरात पाच विरुद्ध दोन मतांनी त्यांना पुन्हा दोषी ठरविले. दहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष लुबे यांनी माफी दिली. त्यासाठी द्रेफ्यूस यांना आपले अपील मागे घ्यावे लागले. खंगलेल्या देहाने त्यांनी सुटका स्वीकारली, मात्र निर्दोषत्वासाठी लढत राहण्याचे त्याच वेळी जाहीर केले. १२ जुलै १९०६ रोजी तो कलंक पुसला गेला.

या प्रकरणात आम्हा कॅथलिकांची मान खाली जाते. फ्रान्समधील ‘ला क्र्वा’ या कॅथलिक दैनिकाने तेव्हा यहुदीद्वेषाला खतपाणी घातले. त्याबद्दल त्या पत्राने १९९८ मध्ये खेद व्यक्त केला.

आपल्या देशातही हे घडले आहे. महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा गरीब माणसांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम अथवा नव्याने मुक्रर केली होती. फेरविचाराअंती मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर त्यांच्या आयुष्यातील सुमारे सोळा वर्षे तुरुंगात सरली होती.

राज्यघटनेच्या ७२ व १६१ या अनुच्छेदांनी दिलेला माफीचा अधिकार मोलाचाच आहे. तथापि कैद्याचे आप्त अर्ज लिहून घेण्यास आमच्याकडे येतात, तेव्हा ‘दया करावी’ हे शब्द उमटविण्यापूर्वी आम्ही विचारतो : गुन्हा आपण केलाच नाही, असे तर त्याचे म्हणणे नाही ना? तसे असेल, तर ते पहिल्या ओळीत यावयास हवे.